दर आठवड्याच्या त्या ‘सपोर्टच्या’ इंजेक्शनबद्दल नागपूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

नागपुरातल्या समस्त स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम आणि डॉक्टर साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी कोण्या एका डॉक्टरला लिहून नाही राहिली, त्यामुळे यात कोणाचं नाव नाही, कोणत्या हॉस्पिटलचं नाव नाही आणि विचारलं तरी सांगणार नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या बोर्डापासून वस्तीतल्या दोन खोल्यांच्या नर्सिंग होमपर्यंत जे जे गरोदर बायकांना तपासतात त्या सगळ्यांना आहे.

झालं असं की माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना चालू आहे. पहिलटकरीण आहे. बीपी नाही, शुगर नाही, जुळं नाही, आणि याआधी दिवसच गेले नव्हते तर आधीचं बाळ लवकर झालं हा प्रश्नच येत नाही. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी झाली, त्या रिपोर्टवर गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी ३.६ सेंटीमीटर अशी स्वच्छ छापलेली आहे, म्हणजे चांगलीच आहे. तरी तिच्या चिठ्ठीवर दर आठवड्याला एक इंजेक्शन लिहिलं, हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट, बाळ वेळेआधी होऊ नये म्हणून देतात ते हार्मोनचं, छत्तीसाव्या आठवड्यापर्यंत. तिनं विचारलं कशासाठी, तर उत्तर मिळालं, ‘सेफ्टी म्हणून, आम्ही सगळ्यांनाच देतो.’ ती बिचारी हो म्हणून घरी आली. पण हे ‘सगळ्यांनाच देतो’ काही माझ्या घशाखाली उतरेना म्हणून लिहायला बसली.

मी कोण ते सांगते. डी.फार्म. झालेली बाई आहे, मानेवाडा रोडकडे औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते. डॉक्टर नाही आणि तसा आवही आणत नाही. पण दिवसभर चिठ्ठ्याच वाचायच्या म्हटल्यावर कोणतं औषध कशासाठी आलं ते कळतंच ना. या इंजेक्शनची, २५० किंवा ५०० मिलिग्रॅम अशी, चिठ्ठी आली की मी हल्ली हळूच विचारते, ताई, पहिलं बाळ लवकर झालं होतं का? बऱ्याच जणी मानेनंच नाही म्हणतात. मग कशासाठी चालू आहे? ‘सपोर्टचं आहे म्हणे.’ कशाला सपोर्ट, किती दिवस, न घेतलं तर काय होते, काही माहीत नसते बाप्पा.

आणि दुसरं म्हणजे मी स्वतः यातून गेली आहे. माझा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात झाला, पेटीत होता, त्या काळात आम्ही नवरा-बायको कसे राहिलो ते आम्हालाच माहीत. म्हणून मुलीच्या वेळेस मला हेच इंजेक्शन चौथा महिना संपल्यापासून दर आठवड्याला दिलं. घट्ट तेलकट औषध, जाड सुई, कमरेत गाठ यायची, घरी येऊन शेकावं लागायचं. मुलगी दिवस भरून झाली आणि आमच्या सासूबाई आजही येईल त्याला सांगतात, इंजेक्शनानं पोरगी टिकली. मला वाटते तुमच्यातल्याही पुष्कळ जणांचा या औषधावरचा भरवसा असाच तयार झाला आहे, दिलं आणि दिवस भरले, दिलं आणि दिवस भरले. म्हणून आधी याच्यावरच बोलते.

२००३ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण हे पत्र बाकीचे लोक पण वाचतील म्हणून सांगते. ४६३ बायका, सगळ्यांचं आधीचं बाळ आपोआप कळा येऊन लवकर झालेलं. काहींना हे इंजेक्शन दिलं, काहींना औषध नसलेलं नुसतं तेल. ३७ आठवड्यांच्या आधी बाळंत झाल्या त्या इंजेक्शनवाल्यांत ३६.३ टक्के आणि तेलवाल्यांत ५४.९ टक्के. फरक मोठा होता, कोणालाही वाटेल की चला, उपाय सापडला. त्याच भरवशावर एफडीएनं, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०११ मध्ये मंजुरी दिली, पण अट घालून, की दुसरा मोठा अभ्यास करा आणि बाळाला खरंच फायदा होते ते दाखवा. (मंजुरी मिळताच तिथल्या कंपनीनं, जे इंजेक्शन केमिस्ट लोक दहा-वीस डॉलरमध्ये बनवून देत होते त्याची किंमत १५०० डॉलर केली, बोंबाबोंब झाल्यावर ६९० वर आणली. तो वेगळा विषय आहे पण राहवलं नाही.)

तो दुसरा अभ्यास २०१९ मध्ये आला. नऊ देश, १७०८ बायका, त्यांचंही आधीचं बाळ लवकर झालेलं. ३५ आठवड्यांच्या आधी बाळंत झाल्या इंजेक्शनवाल्या ११ टक्के, तेलवाल्या साडेअकरा टक्के. बाळांच्या त्रासातही काही फरक नाही. आता हाच आकडा उलटा करून बघा ना डॉक्टर. नुसतं तेल टोचलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी बायका पण पस्तीस आठवडे पार करून गेल्या! त्यांच्या सासवांनी पण सांगितलंच असेल, इंजेक्शनानं टिकलं. त्या शंभर जणींच्या गळ्यात ताबीज बांधला असता तर ताबीजानं टिकलं म्हणाले असते. माझी मुलगी इंजेक्शनामुळे दिवस भरून झाली की तशीही झाली असती हे मी सांगू शकत नाही, माझ्या सासूबाई सांगू शकत नाहीत आणि माफ करा, पण नुसत्या तुमच्या ओपीडीतल्या अनुभवावरून तुम्ही पण नाही सांगू शकत. त्याच्यासाठीच तर असे अभ्यास करतात.

पुढचं पण सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफडीएच्या सल्लागारांनी १४ विरुद्ध १ मतांनी हे औषध बाजारातून काढा म्हटलं, आणि ६ एप्रिल २०२३ ला मंजुरी रद्द झाली, मूळ ब्रँडची पण आणि त्याच्या जेनेरिकची पण. २०२४ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेच्या समितीनं पण हेच सांगितलं, या औषधाचे परवाने थांबवा, एकतर वेळेआधीची बाळंतपणं थांबवण्यात उपयोग दिसत नाही, आणि पोटात असताना ज्यांना हे औषध मिळालं त्यांना पुढे मोठेपणी कॅन्सरचा धोका वाढत असल्याची शक्यता एका मोठ्या अभ्यासात दिसली. धोका सिद्ध झाला असं त्यांनी म्हटलेलं नाही, त्या अभ्यासाला मर्यादा आहेत हे पण त्यांनीच सांगितलं. मी पण कोणाला घाबरवून नाही राहिली, माझी स्वतःची मुलगी त्यातली आहे. पण फायदा दिसत नाही आणि शंका तेवढी आहे, अशा वेळी ‘सगळ्यांनाच देतो’ हे कसं चालते ते सांगा.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि ते बरोबर पण आहे, की २०१९ च्या अभ्यासातल्या बायकांना धोका कमी होता, पुष्कळ रशिया-युक्रेनच्या होत्या, म्हणून फरक दिसला नाही. ठीक आहे, वाद घालायला जागा आहे. पण त्याच अभ्यासातल्या अमेरिकेतल्या बायका वेगळ्या काढून बघितल्या तरी फायदा दिसला नाही. आणि समजा आधीचं बाळ लवकर झालेल्या बाईसाठी तुम्ही अजून विचारात आहात, मग माझ्या जावेचं काय? तिचा तर त्या यादीत नंबरच नाही. पहिलटकरीण आणि पिशवीचं तोंड ३ सेंटीमीटरपेक्षा कमी अशा ६५७ बायकांवर हेच इंजेक्शन २०१२ मध्ये तपासून झालं, फायदा नाही. जुळ्यांच्या ६६१ आयांवर २००७ मध्ये तपासून झालं, तिथंही फायदा नाही. आयव्हीएफच्या जुळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र हे आम्हाला अजून दिसते.

एक जुनी गोष्ट तुम्हाला शिकताना नक्की शिकवली असेल. डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल, ते पण हार्मोनच, ते पण गर्भ टिकायला म्हणून द्यायचे. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ च्या अभ्यासात दिसलं होतं. तरी अमेरिकेत देत राहिले, देत राहिले, आणि १९७१ मध्ये ज्या मुली तेव्हा आईच्या पोटात होत्या त्यांच्यात योनीमार्गाचा दुर्मिळ कॅन्सर निघाला तेव्हा कुठं थांबवा म्हणून सांगितलं. मधली अठरा वर्षं ज्यांनी ते औषध लिहिलं ते डॉक्टर वाईट नव्हते, बायकांचं भलंच बघत होते. हे इंजेक्शन तसंच निघेल असं माझं म्हणणं नाही, रसायन वेगळं आहे. माझा राग त्या अठरा वर्षांवर आहे.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली हीच, की सांगत नाही. चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव असते, कारण नसते. फाइलवर नसते, माता बाल संरक्षण कार्डावर नसते. हिंगण्याच्या बाईनं लोकमान्य नगरहून मेट्रो पकडून झाशी राणी चौकात उतरायचं, पुढे ऑटो, मे महिन्यात पोट घेऊन, नवतपा चालू असताना, आणि सोबत येणाऱ्या माणसाची त्या दिवसाची रोजी बुडते ती वेगळीच. कामठी, उमरेड, काटोलवरून येणारीचं तर विचारूच नका. औषधाच्या किमतीपेक्षा हे जास्त पडते. एवढं सगळं दर आठवड्याला जिच्याकडून करून घेता तिला दोन मिनिटं कारण सांगायला वेळ नाही?

दुसरी तक्रार मोजण्याबद्दल आहे आणि मला हीच सगळ्यात मोठी वाटते. लवकर बाळंतपणाचा धोका कोणाला आहे हे ओळखायचा जो थोडाफार उपाय आपल्या हातात आहे तो म्हणजे साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या मधात खालून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करून पिशवीचं तोंड मोजणं. अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असेल तर रात्री योनीमार्गात ठेवायचं प्रोजेस्टेरॉन, २०० मिलिग्रॅमची गोळी, याच्यामागे पुरावा आहे. २००७ च्या अभ्यासात दीड सेंटीमीटरच्या आतलं तोंड असलेल्या बायकांत ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं ३४.४ टक्क्यांवरून १९.२ टक्क्यांवर आली होती. कोणाला पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागतो, ते तुम्ही ठरवाल. पण आपल्याकडं काय होऊन राहिलं, कितीतरी रिपोर्टवर आकडाच नसतो, ‘अॅडिक्वेट’, म्हणजे पुरेसं, असं लिहून मोकळे. कुठं पोटावरूनच बघितलेलं असते. आणि जावेसारख्या बाईच्या रिपोर्टवर आकडा आहे, चांगला आहे, तर तो कोणी वाचत नाही. म्हणजे जिला गरज नाही तिला इंजेक्शन, आणि जिचं तोंड खरंच दोन सेंटीमीटरवर आलं आहे ती पण तेच इंजेक्शन घेऊन निश्चिंत, की आपलं तर चालू आहे ना. या दुसऱ्या बाईची मला जास्त काळजी वाटते.

आणि हो, गोळीचं प्रोजेस्टेरॉन आणि हे इंजेक्शन एकच आहे, गोळी विसरते म्हणून सुई लावतो, असं पण बायकांना सांगितलं जाते. एक नाही ना ते. गोळीतलं शरीरात बनते तसंच असते, हे कॅप्रोएटवालं प्रयोगशाळेत बनवलेलं वेगळं रसायन आहे. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर कसा लावता?

तिसरी तक्रार दुसऱ्या एका इंजेक्शनची आहे, आणि हे वाचणाऱ्या बायकांनो, इथं गल्लत करू नका. बाळाच्या फुप्फुसासाठी देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. ते पण एका अर्थानं हार्मोनच, पण ते बाळंतपण थांबवायला नसते, लवकर होणारं बाळ जगावं, त्याला श्वास घेता यावा म्हणून असते. त्याचा पहिला अभ्यास न्यूझीलंडमध्ये १९७२ ला झाला, आणि २०२० मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, नायजेरिया अशा पाच देशांतल्या २८५२ बायकांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, बारा बारा तासांनी चार वेळा, औषधांतलं स्वस्तात स्वस्त. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर एएनएमनं, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेनं सुद्धा पुढे पाठवायच्या आधी पहिला डोस द्यावा असं लिहिलं आहे. माझ्या मुलाच्या वेळेस ज्या छोट्या नर्सिंग होमनं मला रात्री शहरात पाठवलं त्यांनी तो डोस दिला नव्हता, नुसती चिठ्ठी देऊन गाडीत बसवलं. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्यावरून आपल्या नागपुरात बायका येतात, रस्त्यातच तीन-चार तास जातात, तेच तास औषधाचे असतात. ज्याचा उपयोग दिसत नाही ते दर आठवड्याला अगदी नेमानं, आणि जे जीव वाचवते ते गाडीत बसवायच्या घाईत राहून जाते, याचा राग येणार नाही का कोणाला?

बेडरेस्टबद्दल थोडक्यात. सरसकट पडून राहिल्यानं लवकरची बाळंतपणं थांबतात असा पुरावा नाही, तरी चार महिने पलंगावर, नोकरी गेली तर गेली. आणि एवढं करून बाळ लवकर झालंच तर राउंडवर सगळ्यांच्या समोर, स्कूटी चालवली होती का, जिने चढली होती का. बस करा ना हे. अर्ध्यापेक्षा जास्त वेळा कारण तुम्हालाही सापडत नाही, मग ते बाईच्या स्कूटीवर कशाला ढकलता?

२०२० साली आपल्या देशात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली, जगात सगळ्यात जास्त. काहीतरी करावं असं तुम्हाला वाटते हे मला कळते. समोर घाबरलेली बाई, तिच्या मागं तिची आई नाहीतर सासू, आणि ‘काहीतरी द्या ना मॅडम’ म्हणणारे आम्हीच असतो. इंजेक्शन लिहिलं की सगळे शांत होतात. पण आम्हाला शांत करायला औषध नको आहे.

ज्या बायकांना हे इंजेक्शन सध्या चालू आहे त्यांना सांगते, माझं पत्र वाचून परस्पर बंद करू नका, तुमचं कारण वेगळं असू शकते. फाइल घ्या, रिपोर्ट घ्या आणि तुमच्या डॉक्टरला विचारा, मला हे कशासाठी आहे आणि माझ्या पिशवीच्या तोंडाची लांबी किती आहे. एवढं विचारायचा हक्क आहे.

आणि डॉक्टर, तुमच्याकडं मागण्या आहेत त्या अशा:

हे इंजेक्शन ‘सगळ्यांना’ देणं आजपासून बंद करा. पहिलटकरीण, जुळी, कोणतंही कारण नसलेल्या बायका, यांना तर नकोच.

एखादीला द्यावंच वाटत असेल तर कारण फाइलवर आणि कार्डावर लिहा, आणि अमेरिकेत २०२३ ला मंजुरी रद्द झाली, युरोपात २०२४ ला थांबवा म्हणाले, हे तिला तिच्या भाषेत सांगून मग तिची हो-नाही विचारा.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पिशवीच्या तोंडाची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहा, कशी मोजली ते लिहा. ‘अॅडिक्वेट’ नको. आणि तो आकडा वाचून मगच पुढचं लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची जी मोफत तपासणी होते तिथंसुद्धा आधीचं बाळ कितव्या आठवड्यात झालं हा प्रश्न प्रत्येकीला विचारला गेला पाहिजे.

चौतीस आठवड्यांच्या आतल्या कळा घेऊन आलेल्या बाईला पुढे पाठवायचं असेल तर स्टेरॉइडचा पहिला डोस देऊन आणि वेळ चिठ्ठीवर टाकून पाठवा. आणि पाठवायच्या आधी तिथं बाळासाठी पेटी खाली आहे का, तो फोन तुमच्याकडून झाला पाहिजे, तिच्या नवऱ्याला रात्री चार हॉस्पिटलं फिरायला लावू नका.

शेवटची मागणी तुमच्या शहरातल्या संघटनेकडं आहे. तुमच्या कॉन्फरन्स होतात, मोठमोठ्या हॉटेलात होतात, या इंजेक्शनवर पण तिथं बोलणं झालंच असेल. ते एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून द्या, कोणाला द्यायचं, कोणाला नाही, का. माझं काही चुकलं असेल तर तेही त्यातच लिहा. ते पान मी लॅमिनेट करून माझ्या काउंटरवर लावते, आणि गल्लीतल्या बाकीच्या मेडिकलवाल्यांना पण नेऊन देते.

आपली,
औषधाच्या दुकानात बसणारी, दोन लेकरांची आई
मानेवाडा रोड, नागपूर